खळीनं चिकटवलेली गाणी

या, बसा. दारात उभं राहून गोष्ट ऐकायची नसते, पाय दुखायला लागले की माणूस घाईघाईनं शेवट विचारतो. आज तुम्हाला एका भिंतीची गोष्ट सांगतो. हसू नका. त्या भिंतीनं एका म्हाताऱ्याला असं धरून ठेवलं की त्याच्या दोन मुलांना मिळून तो हलवता आला नाही. ऐका तर.

विष्णुपंतांच्या घराची मागं वाटणी झाली. भांडण झालं नाही, पण वस्तू तेवढ्या इकडच्या तिकडं झाल्या. थोरला दिनानाथ अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात, राहायला कारखान्याच्याच दोन खोल्या. धाकट्या गुरुदत्ताचं बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, कौलारू घर आणि मागं विहीर. जागा त्याच्याकडं, म्हणून विष्णुपंतांची पेटी, म्हणजे हार्मोनियम हो, त्याच्याकडं गेली. गौरीचा पितळी पाळणा, कचकड्याच्या बाहुल्या, काचेचे हत्ती, चैत्रात गौरीपुढं आरास मांडायचं सगळं सामान धाकट्या सुनेनं, सुनेत्रानं, डोक्यावर पदर घेऊन नेलं. आणि थोरल्या सुनेच्या, कुमुदिनीच्या वाट्याला काय आलं? सासू, सासरे आणि सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक.

कुमुदिनीला ही वाटणी फार आवडली होती. कुणाला बोलली नाही, बोललं तर दृष्ट लागते. आई पाळण्यात असतानाच गेलेली, मामाच्या घरात चार पोरींत पाचवी म्हणून वाढलेली ती. तिथं तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. इथं माई, म्हणजे सासू, रोज विचारायची, आणि "जेवले" म्हटलं तरी ताट उघडून बघायची.

आणि ह्या चैत्रात गुरुदत्ताचा निरोप आला. "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आम्ही येतो आणि जाताना आईला आणि नानांना घेऊन जातो. दोन खोल्यांत किती दिवस कोंबून ठेवायचं त्यांना?"

दिनानाथनं निरोप वाचला आणि बायकोपुढं ठेवला.

"तुम्ही काय म्हणालात?" कुमुदिनीनं विचारलं.

"मी काय म्हणणार? विहीर आहे, अंगण आहे. नानांची पेटी तिकडं आहे. म्हातारपणी मोकळं बसायला मिळेल."

"आणि मी?"

"तू काय? तुला तेवढीच धुणी कमी."

पुरुषाला कधीकधी चिमटा काढावा लागतो. तिनं काढला नाही. पण मनात धरलं की हळदीकुंकू असं करायचं, आरास अशी मांडायची, की माईचा पाय उंबऱ्यातून निघू नये. चार बायका म्हणाल्या पाहिजेत, "माई, सून मिळवलीत हो!" मग बघू कोण कुणाला घेऊन जातंय.

पण आराशीला घरात होतं काय? दोन पितळी समया, एक तांब्या आणि दिनानाथची सायकल.

मग तिची नजर ट्रंकेवर गेली.

आता ट्रंकेत काय होतं ते ऐका. तरुणपणी विष्णुपंत कल्याणच्या एका थेटरात मुक्या सिनेमाला पेटी वाजवायचे. पडद्याखाली बसायचं आणि मान वर करून वाजवायचं. राक्षस आला की भाता जोरात, बाई रडली की हळू. पुढं पडदा बोलायला लागला. थेटराचा मालक म्हणाला, "पंत, आता पडदाच गातो. तुमचं काम संपलं." विष्णुपंत उठले, पेटी काखेत मारली, आणि शपथ घेतली की ज्या पडद्यानं माझ्या तोंडचा घास काढला त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही.

आणि शपथ पाळली बरं. कारखान्यात टाइमकीपर झाले, पेन्शनीत निघाले, पण एकही बोलपट पाहिला नाही. फक्त नवा सिनेमा लागला की कल्याणला जायचं, दारावर गाण्याचं पुस्तक विकत घ्यायचं, ते पातळ, चार पानांचं, वर बाईचं चित्र असलेलं, आणि थेटराच्या मागच्या भिंतीला कान लावून उभं राहायचं. आत गाणं चालू, बाहेर विष्णुपंत कॉपिंग पेन्सिलीनं गाण्याच्या ओळींवर सरगम लिहिताहेत. कडेला शेरेसुद्धा. "इथे कोमल निषाद हवा होता." "पेटीवाला झोपला." "बरं आहे, पण चोरलेलं आहे." ती पेन्सिल जिभेवर ओली केली की जांभळी उमटते, हे तुम्हाला ठाऊक असेल. घरी आले की माई म्हणायची, "जीभ दाखवा." जीभ जांभळी असली की माई समजायची, आज कचेरीत उशीर झालेला नाही.

असली पुस्तकं ट्रंकभर होती. रंगीबेरंगी. कुमुदिनीच्या डोळ्यांपुढं भिंत उभी राहिली.

गौरीच्या दिवशी सकाळी विष्णुपंत पाटावर जपाला बसले होते. हात गोमुखीत, डोळे अर्धे मिटलेले. कुमुदिनी हळूच जाऊन उभी राहिली.

"मामंजी, ट्रंकेतली गाण्याची पुस्तकं आराशीला लावू का?"

विष्णुपंतांनी मान हलवली. वरून खाली.

आता त्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं की जपात हललेली मान म्हणजे "ऐकलं, आता जा." तशीच मान दूधवाल्यालाही हलायची आणि रद्दीवाल्यालाही. कुमुदिनीला हे कळत नव्हतं असं नाही. पण माणसाला हवं ते उत्तर मिळालं की तो दुसऱ्यांदा विचारत नाही. तिनं ट्रंक उघडली.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायका पुरुषांना घरात थांबू देत नाहीत. दुपारचं जेवण झाल्याबरोबर माईनं नवऱ्याच्या हातात छत्री दिली.

"जा शिवमंदिरात. दिवेलागण झाल्याशिवाय येऊ नका."

"तिथं दगडावर बसून करू काय?"

"जन्मभर भिंतीला कान लावून उभे राहिलात, आज देवळाच्या भिंतीला लावा. काही ऐकू आलं तर आम्हाला सांगा."

ते गेले. माईनं चुलीवर मैद्याची खळ शिजवली, मुंग्याझुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलं. ट्रंक उघडी बघून ती थबकली.

"त्यांना विचारलंस?"

"हो म्हणाले."

"तोंडानं?"

कुमुदिनी खळ ढवळायला लागली. माई तिच्याकडं बघत राहिली, मग काय वाटलं तिला कोण जाणे, म्हणाली, "उकळू नकोस जास्त, गुठळ्या होतील. आण इकडं ती पुस्तकं."

दोघींनी पिना सोडवल्या, पानं मोकळी केली, पाठीला खळ फासली आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत चित्रं चिकटवली. तलवारवाले, वीणावाल्या, चंद्राकडं बघणाऱ्या. पाळणा तर सुनेत्राकडं. मग कुमुदिनीनं काय केलं, एका लाल पुस्तकावर झोक्यावर बसलेली नटी होती, ते बरोबर मधे लावलं आणि त्याच्यापुढं चौरंगावर गौर बसवली. लांबून बघितलं तर गौरच झोक्यावर बसल्यासारखी दिसायची.

माईनं कमरेवर हात ठेवून बघितलं.

"इतकी वर्षं ह्या बायांना मी सवत समजत होते," ती म्हणाली. "दिसायला बऱ्या आहेत की मेल्या."

सुनेत्रा ऊन कलायच्या आत आली. अंगावर मोरपंखी लुगडं, हातात पिशवी, पिशवीत बदलापूरच्या कैऱ्या. आल्या आल्या तिनं भिंत बघितली आणि पिशवी खाली ठेवायची विसरली.

"अगंबाई! जाऊबाई, हे काय? थेटर काढलंत का?"

"आरास आहे," कुमुदिनी म्हणाली.

"नानांची पुस्तकं ना ही? आणि चिकटवलीत?" सुनेत्राचा आवाज खाली आला. "मी तर ह्यांना काचेचं कपाट करायला सांगितलंय. सागवानी. नाना आले की त्यात लावून ठेवायची म्हणून."

म्हणजे तिनंही ट्रंकेवर डोळा ठेवला होता. कुमुदिनी म्हणाली, "कपाटात ठेवली की बघतं कोण? इथं चार बायका बघतील."

"आणि तिकडं मी बघितली असती," सुनेत्रा म्हणाली. एकदम, पटकन. मग पदर सावरून कैऱ्या काढायला लागली. "हे आठवडा आठवडा फिरतीवर असतात, जाऊबाई. विहिरीला काय बोलायचं असतं? रहाटाचा आवाज ऐकून ऐकून मला वीट आलाय."

कुमुदिनीनं पहिल्यांदाच जावेकडं नीट बघितलं. इतके दिवस तिला ती पाळणा पळवणारी वाटत होती. आज तिच्या डोळ्यांखाली तिला काळं दिसलं. पण लगेच मनात आलं, असू दे. विहीर तिची, अंगण तिचं, पेटी तिची. माई माझी.

बायका जमल्या. कारखान्याच्या वस्तीतल्या, रेल्वेवाल्यांच्या, आणि पलीकडच्या निर्वासितांच्या कॅम्पातून ईश्वरीबाई आल्या. त्या सिंधी, नवऱ्याचं उल्हासनगरात रंगीत कागदांचं दुकान, कुमुदिनीची ओळख तिथलीच. ईश्वरीबाईंना हळदीकुंकू नवं नव्हतं, पण ओल्या हरभऱ्यांची ओटी मिळाली की त्या दरवेळी विचारायच्या, "बेटी, ये पकाना है कि खाना है?"

आंब्याची डाळ वाढली, पन्हं फिरलं, अत्तराचा फाया हातावर लागला. आणि सगळ्या भिंतीपाशी. "ही बाई बघा, हिचं नाक माझ्या नणंदेसारखं!" "हा तलवारवाला आमच्या सुपरवायझरसारखा दिसतो, फक्त ह्याला पोट नाही." "माई, सून मिळवलीत हो!" हे शब्द कानावर पडले तेव्हा कुमुदिनी पन्ह्याचं पातेलं धरून उभी होती. तिनं माईकडं बघितलं. माई हसत होती. झालं, असं तिला वाटलं. जिंकलं.

तेवढ्यात रेल्वेवाल्यांची उमा म्हणाली, "अय्या, हिच्या कपाळावर कुंकूसुद्धा लावलंय का तुम्ही? पण जांभळं का?"

कुमुदिनीनं वळून बघितलं. झोक्यावरच्या नटीच्या कपाळावर जांभळा ठिपका होता. दुपारी नव्हता. ती बघत असतानाच ठिपका पसरला आणि भुवईपर्यंत आला. शेजारच्या वीणावालीला ओठांवर बारीक मिशी फुटायला लागली. वरच्या रांगेत चंद्र जांभळा झाला.

खळीचं पाणी. पाठीवर कॉपिंग पेन्सिल. कागद पातळ. तिला एका क्षणात सगळं कळलं आणि हातातलं पातेलं तिनं हळूच खाली ठेवलं. मागची सरगम फुटून पुढं येत होती. मामंजींनी थेटरांच्या मागं उभं राहून, पावसात छत्री मानेत धरून लिहिलेली, ती सगळी आता नट्यांच्या गालांवरून ओघळत होती.

"माई," ती एवढंच म्हणाली.

माईनं बघितलं. तिचं हसू गेलं.

"पुसू नकोस," माई कुजबुजली. "पुसलंस तर आणखी पसरेल."

"मामंजी काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. मी आहे ना."

पण तू आहेस कुठं, तू तर चाललीस, असं कुमुदिनीच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं, कारण दारात छत्री टेकवल्याचा आवाज झाला.

दिवेलागण अजून झाली नव्हती. गुरुदत्त स्टेशनवरून सरळ देवळात गेला होता आणि वडलांना घेऊन आला होता, सामान बांधायचं म्हणून. मागं दिनानाथ, कारखाना सुटल्यावरचा. तिघं पुरुष दारात, आत बायकाच बायका. बायका पदर सावरून भिंतीला लागल्या, आणि मधली वाट मोकळी झाली, सरळ आराशीपर्यंत.

विष्णुपंतांनी भिंत बघितली.

 वहाणा काढल्या, दोन पावलं आत आले, चष्मा पुसून परत लावला. मान पुढं. नटीच्या गालावरचं जांभळं त्यांनी जवळून बघितलं. त्यांचा एक हात वर गेला आणि तसाच राहिला.

कुमुदिनीला वाटलं, ओरडा. मला मामाच्या घरी ऐकायची सवय आहे. ओरडा, पण असं गप्प उभं राहू नका.

"मी लावली मामंजी," ती म्हणाली. "माईंनी नाही. मी विचारलं होतं, पण जपात. मला ठाऊक होतं ते हो नव्हतं."

"मला पण ठाऊक होतं," माई म्हणाली.

"आई, तू बस गं," गुरुदत्त म्हणाला. "वहिनी, अहो काय केलंत हे? त्यांचा जन्म होता त्यात."

"असू दे रे," दिनानाथ म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जीव नव्हता, आणि कुमुदिनीला ते सगळ्यात जास्त लागलं.

 कुणाच्या तरी ओटीतले हरभरे सांडले. आणि मग ईश्वरीबाई, ज्यांना अर्धं मराठी कळायचं आणि घरातलं भांडण तर अजिबात कळलं नव्हतं, त्या खालच्या रांगेतल्या एका पानापाशी वाकल्या.

"अरे साईं!" त्या म्हणाल्या. "ये तो हमारे शिकारपूर में लगा था! मेरी शादी के साल!" आणि त्यांनी गायला सुरुवात केली. म्हातारा, जाड, तुपकट आवाज. डोळे मिटून. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला वर जायचं तिथं त्या भलतीकडंच गेल्या.

विष्णुपंतांचा खांदा उडाला. जसा चटका बसल्यावर उडतो.

ईश्वरीबाईंनी ती ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तिथंच घसरल्या.

"नाही, नाही, नाही!" विष्णुपंत भडकले. "तिथं वर नाही जायचं! खाली या, कोमल लावा. धैवतावर थांबा. हां. आता सोडा. सोडा म्हणतो ना!"

"ऐसे?" ईश्वरीबाई म्हणाल्या आणि गायल्या.

"ऐसे. आणि श्वास मधे घेऊ नका, पाणी भरताय का?"

उमा फिसकन हसली. विष्णुपंत तिच्याकडं वळले, मग भिंतीकडं, आणि आता त्यांना भिंत खरी दिसायला लागली.

"हिला मधे कुणी बसवलं?" त्यांनी झोक्यावरच्या नटीकडं बोट दाखवलं.

"मी," कुमुदिनी म्हणाली. "झोका होता म्हणून. गौरीला पाळणा नव्हता."

"झोका होता! अगं, ह्या सिनेमात एक गाणं सुरात नाही! भिंतीबाहेर उभं राहून माझे कान किटले. आणि ज्यात यमन असा लावलाय की काटा यावा, तो कुठं ठेवलास? कोपऱ्यात! समईच्या धुरात!"

"त्याच्यावर चित्र नव्हतं मामंजी. नुसतं कमळ."

"कमळ! कमळ बघून गाणं ठरवता तुम्ही!" पण आवाजातली धार गेली होती. ते एकेक पान बघत चालले, कडेकडेनं, जसं कुणी नातेवाइकांच्या पंगतीतून चालावं. "हा चोर. हा बरा. ही तर गुणाची. हिला मी दोनदा ऐकायला गेलो होतो."

"तीनदा," माई म्हणाली. "तीन दिवस जीभ जांभळी होती."

बायका हसल्या. विष्णुपंत लाजले म्हणा, खाकरले म्हणा. कुमुदिनीला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही दाबता दाबता तिला उचकी लागली.

सुनेत्रा पुढं आली. चांगल्या मनानंच आली, हे मी मुद्दाम सांगतो. "नाना, काळजी करू नका. हलक्या हातानं काढू. तिकडं कपाट तयार होतंय. पेटी पण तिथंच आहे, आठवेल तशी सरगम परत लिहा. अहो, काढा ना कडेनं."

गुरुदत्तानं समईजवळच्या कमळाचं टोक नखानं उचललं. माईची खळ होती ती, मोरचूद घातलेली. कागद आला नाही. कागदाबरोबर भिंतीचा चुना यायला लागला, पोपडा धरून, आणि कमळाच्या एका पाकळीत टर्र असं झालं.

"हात काढ!" विष्णुपंत एवढ्या जोरात ओरडले की गुरुदत्त लहानपणीसारखा हात पाठीमागं लपवून उभा राहिला. संसाराला लागलेला माणूस.

विष्णुपंतांनी अंगठ्यानं ती पाकळी परत जागेवर दाबली. तळव्यानं थोपटली. तशीच बराच वेळ थोपटत राहिले.

"येत नाहीत ही आता," ते म्हणाले.

"पाणी लावून बघू," गुरुदत्त म्हणाला.

"पाणी लावून काय उरलंय ते दिसतंय की समोर." मग ते दिनानाथकडं वळले. "दिना, भिंत बदलापूरला नेता येते का रे?"

"नाना, काहीतरीच काय?"

"मग पेटी इकडं आणावी लागेल. दुसरं काय?"

कुमुदिनीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिची उचकी थांबली.

"नाना, पण इथं जागा?" गुरुदत्त म्हणाला. "पेटी ठेवणार कुठं?"

"दिनाची सायकल बाहेर ठेवू. ती वाजत नाही."

सुनेत्राचं तोंड एवढंसं झालं. ती पिशवीतल्या उरलेल्या कैऱ्या काढून मोजल्यासारखं करायला लागली. माईनं ते बघितलं. माईच्या नजरेतून ह्या घरात काही सुटत नसे.

"सुनेत्रा," ती म्हणाली, "ह्या कैऱ्या लोणच्याच्या आहेत का गं?"

"हो माई. झाड लगडलंय. एकटीनं किती घालणार?"

"मी येते तुझ्याबरोबर. लोणची होईपर्यंत राहते. मुरांबा पण करू."

कुमुदिनीनं चमकून बघितलं. माईनं तिच्या गालाला हात लावला, हाताला अजून खळ होती.

"आणि मग परत येणार. तोंड कशाला पाडतेस? एवढ्या वर्षांत ह्यांना सोडून चार दिवस कुठं गेले नाही मी. आता तुझी भिंत आहे ना राखण करायला. बघ त्यांच्याकडं. आणि जेवत जा. मी सुनेत्राला पाठवून ताट बघेन."

"बघीन हं मी," सुनेत्रा म्हणाली, डोळे पुसत. "पेटी घेऊन येईन ना, तेव्हाच बघीन. आणि जाऊबाई, पुढच्या चैत्रात पाळणा पण आणते. ती बाई मधून काढा, नानांना आवडत नाही."

"काढता येत नाही," कुमुदिनी म्हणाली, आणि मग दोघी जावा अशा हसायला लागल्या की ईश्वरीबाईंनी विचारलं, "क्या हुआ? क्या हुआ?" आणि त्यांना सांगता सांगता आणखी हसल्या.

तिकडं विष्णुपंत कोटाच्या खिशात काहीतरी चाचपत होते. कॉपिंग पेन्सिल निघाली, बोटभर उरलेली. त्यांनी ती जिभेला लावली. ईश्वरीबाईंच्या पानाशेजारी, मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर, चुन्यावरच, त्यांनी लिहायला सुरुवात केली. सा. रे. कोमल ग.

"नाना!" दिनानाथ किंचाळला. "क्वार्टर कारखान्याचा आहे! साहेबांनी बघितलं तर काय म्हणतील?"

"साहेबाला गाता येतं का?"

"नाही."

"मग त्याला काय कळणार आहे? सरक तिकडं, उजेड अडवतोस. सूनबाई, समई जरा वर धर. ह्याचा अंतरा आठवतो का बघू."

कुमुदिनीनं समई उचलली. ती धरून उभी राहिली, हात भरून आला तरी. विष्णुपंत लिहीत होते, मधेच गुणगुणत, मधेच स्वतःला शिव्या देत. एका ठिकाणी अडले.

"हे काय होतं?" ते भिंतीलाच विचारायला लागले.

"मामंजी, गुणगुणा ना," कुमुदिनी म्हणाली. "तुम्ही रोज अंघोळीला म्हणता तेच असेल."

त्यांनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. "तू ऐकतेस?"

"भिंत पातळ आहे," ती म्हणाली.

विष्णुपंतांनी परत भिंतीकडं तोंड केलं, पण लिहिलं नाही लगेच. मग म्हणाले, "म्हण बघू. तुला कसं ऐकू येतं ते म्हण." आणि कुमुदिनीनं, जिनं मामाच्या घरी कधी तोंड उघडून गाणं म्हटलं नव्हतं, त्या एवढ्या बायकांसमोर, जावेसमोर, हातात समई धरून, हळू आवाजात म्हटलं. चुकत चुकत म्हटलं. ते लिहीत गेले.

तर अशी ती भिंत झाली. पेटी पुढच्याच आठवड्यात आली, माई लोणची घालून परत आली, आणि भिंत आता अर्धीअधिक जांभळी आहे. संध्याकाळी कारखान्याच्या वस्तीतली माणसं येता-जाता बघतात, आपल्याला आवडतं ते गाणं कुठं लावलंय ते शोधतात. कुणी नवं पुस्तक आणून देतं. विष्णुपंत आधी ऐकतात, मग जागा देतात, मग खळ शिजते.

एकच धास्ती आहे. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्याची माणसं डबा-कुंचा घेऊन सगळ्या खोल्यांना चुना मारायला येतात. हुकमाचं काम, त्यांना पान काय आणि भिंत काय, दिसेल तिथं पांढरं. दिनानाथ सांगायला लाजतो, साहेबापुढं त्याची जीभ वळत नाही. तुमचं त्या बाजूला जाणं-येणं असतं, कुणी मुकादम ओळखीचा निघेल, कुणी कुंचेवाला गावचा निघेल. तेवढा शब्द टाका. म्हणावं, बाबा, त्या घराच्या बाकी तीन भिंती खुशाल पांढऱ्या कर, ती एक तेवढी सोड.